गोळी कमी होताना उठणारं दुखणं

सुरुवात जांभईनं होते. रात्र बरी गेलेली असते, झोप आलेली नसते, तरी सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसात बसल्या जागी एकामागून एक जांभया सुटतात, अगदी जबडा भरून येईपर्यंत. मग डोळ्यांना पाणी, गळकं नाक, शिंका. थंडी वाजते म्हणून पंखा बंद करायला सांगावं, तर जरा वेळानं पाठ घामानं ओली. हातावर काटा उभा राहतो आणि काही केल्या बसत नाही. संध्याकाळी पोट ढवळायला लागतं. रात्री पायांची पाळी. पोटऱ्यांत मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं होतं. पाय ताणावा, आखडावा, खाली सोडावा, पुन्हा वर घ्यावा, कशानंच त्याला स्वस्थता मिळत नाही.

हे वर्णन वेदनाशामक गोळी कमी करतानाचं आहे. गोळीचं नाव ट्रामाडॉल. पाकिटावर प्रत्येक कंपनीचं नाव निराळं असल्यामुळे घेणाऱ्याला ती ‘पाठीची गोळी’ किंवा ‘गुडघ्याची गोळी’ म्हणूनच ठाऊक असते. माझ्याकडेही ती पाठीची गोळी म्हणूनच आली.

कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली आणि डाव्या पायाची नस दबली. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळते. गंगापूर रोडवरून सातपूरपर्यंतचं अंतर काही मोठं नाही, पण स्कूटरवर प्रत्येक गतिरोधक कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एक सणक देऊन जायचा. मार्चअखेर तोंडावर होती, खुर्चीवर बसणं होत नव्हतं. त्या दिवसांत या गोळीनं मला उभं केलं, बसवलं, झोपवलं. त्यामुळे आजही तिला नावं ठेवायची माझी इच्छा होत नाही. सायटिकाची कळ ज्यानं सोसली आहे, त्याला पहिल्या गोळीनंतरचा तो तास कधीच विसरता येत नाही.

आधी ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल अशी जोडगोळी होती. पुढे सावकाश विरघळणारी १०० ची, सकाळ-संध्याकाळ. व्यायाम सुरू झाला, फिजिओथेरपी झाली, नसेवरचा दाब बराच उतरला, पण गोळी चालूच राहिली. दर वेळी चिठ्ठीवर ‘आधीप्रमाणेच’ असं लिहून मिळायचं. ती कधी थांबवायची आणि थांबवताना काय होईल, यावर त्या दवाखान्यात एक वाक्यही बोललं गेलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. औषध दिल्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढचा रस्ता न सांगता ते चालू ठेवलं, ही आहे.

ते कळलं माहेरी, निफाड तालुक्यात, ऐन थंडीत. चुलतभावाच्या लग्नासाठी गेले होते, मुक्काम लांबला आणि पाकीट संपलं. गावातल्या मेडिकलमध्ये ती गोळी नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली घेतलं. तेव्हापासून लहान दुकानदार ती ठेवायला नाखूश असतात, आणि ठेवलीच तर ताजी चिठ्ठी मागतात. मागणं बरोबरच आहे. मला वाटलं, पाठ आता बरी आहे, निघेल वेळ.

दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या. नाक वाहायला लागलं, अंगावर काटा. निफाडच्या थंडीत याचं कुणाला नवल वाटणार? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, हे तिथं सकाळी चहासोबत बोललं जातं. बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटत होत्या, द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून माणसं रात्री जागत होती. अण्णा म्हणाले, “थंडी बाधली तिला. नाशकात राहून सवय मोडली.” वहिनीनं आलं, गवती चहा, मिरी घालून काढा केला. आईनं दोन गोधड्या घातल्या. गोधडीखाली घामानं चिंब, गोधडी काढली की दातखीळ. जुलाब लागले, ते लग्नातल्या जेवणावर गेलं. रात्री पाय आपटत मी ओसरीत येरझाऱ्या घालत होते आणि कंबरेतून मांड्यांपर्यंत सगळं ठणकत होतं. गादी पुन्हा सरकली, या भीतीनं मला रडू फुटलं. मधूनच डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं, छातीत धडधड वाढायची. ते कुणाला सांगायचं कसं, हेही कळत नव्हतं.

भावानं गाडीत घालून नाशिकला आणलं. घरी औषधांच्या डब्यात एक जुनी पट्टी होती. गोळी घेतली आणि काही वेळातच नाक थांबलं, पाय थांबले, पोट थांबलं. सर्दी, अपचन आणि मणका अशी तीन निरनिराळी दुखणी एकाच गोळीनं एकदम बरी होत नाहीत. मी पलंगावर बसून त्या रिकाम्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले.

त्यानंतर मी वेदना-उपचारांच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी माझा पाय तपासला, मग कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी सांगितलेलं आणि मी पुढे वाचलेलं, दोन्ही मिळून सांगते, कारण पुढच्या रात्री काढताना मला सर्वांत जास्त उपयोग याच माहितीचा झाला.

ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची औषधं मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ठरावीक जागी जाऊन बसतात. अशा जागा शरीरात आहेत हे १९७३ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झालं. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन इथं जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच तयार करत असलेली, अफूसारखं काम करणारी द्रव्यं शोधून काढली. म्हणजे वेदना दाबण्याची सोय आपल्यात मुळातच असते. बाहेरून रोज औषध येऊ लागलं की ती सोय ढिली पडते, आणि औषधानं दाबून धरलेल्या पेशी तो दाब गृहीत धरून जास्त जोरानं काम करायला शिकतात. मेंदूच्या देठात नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. गोळी एकाएकी थांबली की तो पुंजका उसळतो. घाम, काटा, धडधड, उडालेली झोप, विनाकारण भीती, हे सगळं बहुतांशी त्याचं देणं. आतड्यांतही औषधाच्या तशाच जागा असतात. म्हणून गोळी चालू असताना बद्धकोष्ठ आणि सुटताना जुलाब.

ट्रामाडॉलचं आणखी एक आहे. ते अफूच्या जातीचं काम करतंच, शिवाय काही नैराश्यविरोधी औषधांसारखं सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचंही गणित बदलतं. त्यामुळे ते सुटताना दोन औषधं एकदम सुटल्यासारखं होऊ शकतं. डोक्यातले ते विजेचे झटके आणि अचानक दाटून येणारी घबराट त्यातलीच. १९७७ मध्ये जर्मनीत हे औषध बाजारात आलं आणि पुढे कित्येक वर्षं ‘सौम्य’ म्हणूनच ओळखलं गेलं. मॉर्फिनच्या मानानं ते सौम्य आहेही. पण रोज, महिनोन् महिने घेतलं तर शरीर त्याच्याशी जुळवून घेतं, आणि ज्याची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली, वेळेवर घेतली, एकही जास्त घेतली नाही, त्याच्याही बाबतीत हे घडतं. हे वाक्य डॉक्टरांनी दोनदा उच्चारलं. ते ऐकताना शेजारी बसलेल्या नवऱ्याचा चेहरा सैल झाला, ते मला दिसलं. नातेवाइकांपैकी कुणीतरी त्याला आधीच विचारलं होतं की हिला ‘लागली’ आहे का.

मग ठरलं, सावकाश उतरायचं. वर्षभर किंवा जास्त काळ घेणाऱ्यांनी महिन्याला साधारण दहा टक्के इतक्या किंवा त्याहून हळू गतीनं कमी करावं, असं सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे; थोडे महिने घेतलं असेल तर याहून लवकर जमू शकतं. त्याआधी, एप्रिल २०१९ मध्ये, तिथल्याच औषध प्रशासनानं अशी औषधं एकदम तोडू नयेत, असा इशारा दिला होता. माझी पायरी डॉक्टरांनी माझ्यापुरती ठरवली. सावकाश विरघळणारी गोळी मोडायची किंवा चावायची नसते, नाहीतर सगळं औषध एकदम अंगात उतरतं. म्हणून आधी साध्या ५० च्या गोळ्यांवर आणलं, ज्यांचे तुकडे करता येतात. एक पायरी उतरायची, तिथं थांबायचं, अंग शांत झालं की पुढची. एखाद्या पायरीवर फार त्रास झाला तर तिथंच जास्त दिवस राहायचं. वर मात्र शक्यतो चढायचं नाही.

नवऱ्यानं सराफ बाजारातून सोनारी काटा आणण्याची तयारी दाखवली होती. शेवटी मेडिकलमध्ये मिळणारं गोळी कापायचं छोटं यंत्र पुरलं. रविवारी सकाळी आम्ही दोघं डायनिंग टेबलावर आठवड्याचे तुकडे पाडायचो आणि डबीच्या खणांत भरायचो. पांढरी भुकटी टेबलावर सांडायची, ती तो ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचा. डबी त्याच्या कपाटात. हे मी स्वतः मागून घेतलं होतं, कारण रात्री तीन वाजता हात कुठं जाईल याची काळजी तरी नको.

आता मुख्य गोष्ट. गोळी कमी करताना दुखणं वाढतं. सगळ्यात जास्त माणसं इथंच माघार घेतात, असं मला वाटतं. आपल्याला वाटतं, मूळ आजार अजून आहे, औषधानंच तो झाकला होता, आता तो उघडा पडला. मग एक गोळी घेतो, दुखणं थांबतं, आणि आजार असल्याची खात्री पटते. निफाडला मलाही असंच वाटलं होतं. प्रत्यक्षात गोळी सुटताना शरीर स्वतःच एक नवीन दुखणं तयार करतं. शिवाय दीर्घकाळ अशी औषधं घेतल्यानं काहींच्या नसा वेदनेला जास्तच हळव्या होतात, तो भाग वेगळा.

डॉक्टरांनी मला एक वही करायला लावली. दुखलं की तीन गोष्टी टिपायच्या: कुठं, कसं, आणि सोबत काय. पहिल्या पायरीच्या नोंदी नुसत्या वैतागाच्या आहेत. हळूहळू मात्र त्या पानांवर दोन वेगळी दुखणी दिसायला लागली.

गादीचं दुखणं डाव्या बाजूचं. त्याची वाट ठरलेली: कुल्ल्यातून निघायचं, मांडीच्या बाहेरच्या अंगानं पोटरीवर, पावलाच्या वरच्या भागातून अंगठ्याकडे. ते पुढं वाकलं, खोकलं, जास्त वेळ बसलं की वाढायचं. उताणं पडून गुडघ्याखाली उशी घेतली की उतरायचं. त्याला कारण असायचं.

दुसरं दुखणं दोन्ही पायांत सारखं. हाडांतून आल्यासारखं, तापात अंग मोडून येतं तसं, खांदे आणि मान धरून. ते बसण्या-उठण्याला जुमानायचं नाही, त्याची बांधिलकी घड्याळाशी. पुढच्या गोळीच्या आधीचे दोन-तीन तास ते जोरात असायचं. आणि ते एकटं कधी येत नसे. जांभई, गळकं नाक, काटा यांपैकी काहीतरी सोबत असायचंच. नवी पायरी उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कळसाला जायचं आणि आठवडाभरात ओसरायचं.

हे कागदावर दिसल्यावर माझी भीती गेली. दुखणं तेवढंच राहिलं, पण रात्री दोन वाजता ठणका लागला की मी आधी नाकाला हात लावायचे. नाक ओलं, दोन्ही पाय दुखतायत, म्हणजे हे दुसरं. याला एमआरआय नको, घाबरून दवाखाना नको, जास्तीची गोळी तर नकोच. हे तीन दिवसांचं पाहुणं आहे. एकदा मात्र नाक कोरडं होतं आणि डाव्या अंगठ्याला बधिरपणा होता. सकाळी सरळ डॉक्टरांना फोन केला, व्यायामातली एक हालचाल बंद करायला लागली. दोन दुखणी वेगळी करता आली म्हणून दोन्हींकडे नीट बघता आलं. खऱ्या दुखण्याला ‘गोळी सुटतेय म्हणून दुखत असेल’ म्हणत अंगावर काढणंही तितकंच वाईट झालं असतं. कमरेखाली बधिरपणा वाढला, पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर क्षणभरही थांबायचं नसतं.

रात्री कशा काढल्या, तेही सांगते. पायांची तळमळ पडून राहिल्यानं थांबत नाही. मी उठायचे, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायचे. सासूबाई जाग्या व्हायच्या आणि न बोलता तिळाचं तेल कोमट करून आणायच्या. मी म्हणायचे, “आई, झोपा तुम्ही,” तर त्या पोटरी चोळता चोळता म्हणायच्या, “मला तरी कुठं झोप लागतेय?” पोटाला पेज, मऊ भात, ताक, ओआरएस. जुलाबाचं एक आणि एरवी रक्तदाबासाठी देतात ते, नॉरअ‍ॅड्रेनलिनची ती उसळ शमवणारं एक, अशी दोन औषधं डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरती दिली होती. नावं मुद्दाम देत नाही, कारण ती स्वतःच्या मनानं घ्यायची नाहीत. एकाचा जास्त डोस हृदयावर जातो, दुसऱ्यानं चक्कर येऊन पडायला होतं. पहाटे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालणं ठेवलं. पहिल्या फेरीत पाय ओढत, तिसरीपर्यंत अंग गरम होऊन मोकळं. चालण्यानं शरीरातली ती मूळची वेदनाशामक द्रव्यं जागी होतात, हे वाचलं होतं. तिसऱ्या फेरीला ते पटायचं.

सर्वांत चिवट निघाली ती झोप आणि मनाची मरगळ. नाक, पोट, पाय आठवड्यात शांत व्हायचे, पण मन पुढे कितीतरी दिवस राखाडी असायचं. द्राक्षाचा हंगाम होता, घरात पेट्या आलेल्या, आणि मला एक मणी तोंडात टाकावासा वाटत नव्हता. हेही मेंदूचंच काम आहे आणि त्यालाही ठरावीक काळ लागतो, हे माहीत असल्यामुळे मी तग धरला. ज्याला जगणं नकोसं वाटण्यापर्यंत जाईल, त्यानं रात्र सरायची वाट बघू नये. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतूनही बोलता येतं. औषधाच्या विळख्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. दोन्ही फुकट.

आमच्यातल्या काहींनी सल्ला दिला, मन घट्ट करून एका दिवसात फेकून दे. एका लांबच्या मामांनी सिगारेट अशीच सोडली होती, त्यांचं उदाहरण दिलं. त्यांच्या मनात प्रेमच होतं. पण एकाएकी तोडल्यानं माणूस इतका हैराण होतो की पुन्हा गोळीकडे वळतो, आणि तेव्हा धोका जास्त असतो. काही दिवस औषध न गेल्यानं शरीराची सहनशक्ती उतरलेली असते; जुना डोस एकदम घेतला तर श्वास मंदावू शकतो. ट्रामाडॉल जास्त झालं तर फिट येऊ शकते. गर्भवती बाईनं एकदम बंद करणं तर फारच जोखमीचं. हे मनाच्या ताकदीवर सोडायचं काम नाही.

दिल्लीच्या एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयाच्या भारतीयांपैकी साधारण दोन टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास लोक अफूच्या जातीचं काही ना काही घेतात, असं त्यात आहे. त्यातला मोठा वाटा औषधी गोळ्यांचा आणि पातळ औषधांचा. ज्यांचं प्रकरण खरोखर हाताबाहेर गेलं, त्यांनी लाजून घरात कुढू नये. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलं, तेव्हापासून आपल्या महाराष्ट्रात अशा माणसाशी माणसासारखं बोलण्याची एक पद्धत रुजली आहे. नाशिकमध्येही मानसोपचार तज्ज्ञ आहेत, सिव्हिलमध्ये दाखवता येतं.

आणि तरीही, हे वाचून कुणी औषधाला घाबरावं असं मला अजिबात वाटत नाही. माझ्या काकांना हाडांत पसरलेला कॅन्सर होता. मॉर्फिनची ‘सवय लागेल’ म्हणून घरच्यांनी ते देऊ दिलं नाही. काका उशी दातात धरून शेवटचे आठवडे जगले. २०१४ मध्ये त्याच एनडीपीएस कायद्यात बदल करून मॉर्फिनसारखी औषधं रुग्णांपर्यंत पोचणं सोपं करण्यात आलं, ते अशाच माणसांसाठी. ज्याची वेदना जाणारच नाही, त्याला ती दाबणारं औषध मिळायलाच हवं. माझी वेदना जाणारी होती, म्हणून माझ्या औषधालाही जाण्याची वाट हवी होती.

गोळी सुटली आहे. डाव्या पायाची सणक अधूनमधून येते, जास्त बसणं झालं की हमखास. तिची वाट मला पाठ आहे, त्यामुळे उठते, भिंतीला पाठ लावून व्यायाम करते, पुन्हा बसते.

परवा ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिनं जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठीचा फोटो दाखवला, तीच गोळी होती. मी तिला म्हटलं, बिनधास्त दे, त्याला दुखू देऊ नकोस. फक्त पुढच्या वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी विचार: किती दिवस द्यायची, कमी कशी करायची आणि मधेच त्रास झाला तर फोन कुणाला करायचा. तिनं चिठ्ठीच्या मागं ते प्रश्न लिहून नेले. डॉक्टरांनी तिथंच तारखा घालून उत्तरं लिहून दिली, खाली आपला मोबाइल नंबरही.